पाचपावलीची पिशवी आणि उमरेडची शिकार

ज्याला बंदूक चालवता येत नाही, त्याला शिकारीत एकच काम मिळतं, हमालीचं. मला ते लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मिळालं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, मूळचे आमच्यासारखेच विणकर. पण त्यांनी माग विकून उमरेडजवळच्या खेड्यात शेती घेतली आणि शेतात रानडुकरं घुसू लागली म्हणून परवान्याची बंदूकही घेतली. (साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ते चालत असे.) दिवाळीआधी त्यांचा निरोप आला, "जावईबापू, या खेपेले शिकारीले चला. बंदूक मी धरतो, ओझं तुम्ही धरा. पिशवी हलकी आणजा, पण डुक्कर वाहून आणता आलं पाहिजे."

"अहो, माह्यं नाक राखजा," सुशीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "आमचा देवमन लग्नातच म्हणे, नवरदेव हारानंच वाकून राहिला!"

देवमन हा तिचा भाऊ. लग्नातला हार खरोखरच जड होता, पण हे मी कोणाकोणाला सांगत बसणार?

मी तडक नागपूरच्या बर्डीवर, बाजारात गेलो. एका दुकानात पलटणीतल्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या टांगल्या होत्या. "पूरा बकरा आ जाएगा, साहब!" दुकानदार म्हणाला. मी एक खांद्याला लावली आणि रिकाम्या पिशवीसकट मागच्या मागे त्याच्या गल्ल्यावर टेकलो. पुढच्या दुकानात रेक्झिनची मिळाली, अगदी फुलासारखी.

"किती वजन सहन करील?" मी विचारलं.

"वजन?" त्याला धक्काच बसला. "इसमें वजन क्यों डालते हो, साहब?"

हात हलवत पाचपावलीला घरी आलो आणि घडलेलं सगळं बाबांसमोर सांगून बसलो. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होते. त्यांचा धोटा जागच्या जागी थांबला.

"काहून बे? विणकराचा पोट्टा पिशवी विकत घ्याले गेला?"

"बाबा, ती शिकारीची पिशवी..."

"सूत पाह्यलं का तिचं? पीळ पाह्यला? ज्यानं माग विकला, त्याच्या घरी तू बाजारातली पिशवी घेऊन जाशीन? हसंन ना तो मले!"

आता सुशीलाच्या नाकाबरोबर बाबांचंही नाक माझ्या खांद्यावर आलं.

बाबांनी दुहेरी सुताची पिशवी विणायला घेतली. सूत असं निवडलं की कापडाचं वजन हाताला लागेना, आणि वीण अशी ठोकली की नखानं धागा सरकेना. हलकी, मजबूत, सगळं मनासारखं! घोळ एवढाच झाला की मागावर लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, चढवलेला होता आणि बाबा तो बदलायला तयार नव्हते. "एका पिशवीसाठी मागाची फणी बदलू का मी?" त्यामुळे पिशवीही लुगड्याच्या पूर्ण पन्ह्याची झाली! खांद्याला लावली की माझ्या पोटऱ्यांवर आपटायची.

"लोंबून राहिली रे," मायनं बाबांना न सांगता मला सांगितलं, आणि तिच्या मते जो उपाय होता तो केला. तांदळाची दाट कांजी करून पिशवीला लुगड्यासारखी खळ दिली, एकदा नव्हे, दोनदा. वाळल्यावर पिशवी अंगणात आपली आपण उभी राहिली. बाबांनी तिच्यात पाटा टाकला, वरवंटा टाकला, तरी शिवण हूं की चूं करेना. मग त्यांनी शेजारच्या वच्छलाकाकूंना आत बसून पाहायची विनंती केली. काकूंनी आमच्याशी बोलणं टाकलं ते थेट संक्रांतीपर्यंत.

दिवाळीला सुशीलाला घेऊन सासुरवाडी गाठली. उमरेडच्या रानात शिरलो आणि पहिल्याच पावलाला कळलं की खळ दिलेली पिशवी बोलते! खर्रर्र, खर्रर्र. झाडावरचे पोपट उडाले, मग बगळे उडाले, मग मामाजींनी मागे वळून पाहिलं.

"भाऊजी," देवमन कुजबुजला, "तुम्ही चालून राहिले का पापड मोडून राहिले?"

मामाजींनी मला नाल्याच्या काठावर बसवलं. "इथंच राहा. डुक्कर पडला की हाक मारतो. तोवर हलू नका." आणि ते दोघं पुढे झाडीत गेले.

मी हललो नाही. पिशवी पाठीला, हात गुडघ्यावर, नजर समोर. थोड्या वेळानं पाठीमागून कोणीतरी पिशवी हळूच ओढली. मला वाटलं, काटा अडकला असेल. मग मानेवर गरम श्वास आला! मग चपचप असा आवाज! रानडुक्कर! किंवा त्याहूनही मोठं काहीतरी! मी डोळे मिटले, बाबांचं, मायचं, सुशीलाचं तोंड आठवलं (देवमनचंही आठवलं, पण ते काढून टाकलं) आणि जिवाच्या आकांतानं किंचाळत सरळ नाल्यात उडी मारली.

नाल्यात पाणी कंबरभर आणि दगड भरपूर. घोटा मुरगळला. मामाजी बंदूक रोखून धावत आले.

"बाबा, गोळी झाडू नका!" मागून देवमन ओरडला. "पाटलाची म्हैस हाय!"

मी वर पाहिलं. तांदळाची खळ चाटून चाटून म्हशीच्या ओठांना पांढरा फेस आला होता, आणि उरलेली पिशवी कधी वर येते याची ती वाट पाहत होती. माझ्या किंकाळीनं मात्र त्या रानातलं एकूण एक डुक्कर पसार झालं होतं.

पाय टेकवेना. गाव लांब. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. पाण्यानं खळ निघून गेली होती आणि पिशवी झोळीसारखी मऊ पडली होती.

"बसा आत, जावईबापू."

"मी?"

"मंग? दुसरं काय हाय वाहून न्यायले?"

बांबू तोडला, पिशवी अडकवली. पुढे मामाजी, मागे देवमन, मध्ये मी, गुडघे नाकाला लावून.

आता त्या गावची रीत अशी, की डुक्कर पडलं तर घरटी वाटा. दुपारी वेशीवरून कोणीतरी बांबूला लोंबकळणारं ते ओझं पाहिलं आणि हाळी दिली, "पडला गा! मोठा पडला!" झालं! सगळं गाव गंज-पातेली, टोपल्या, पळसाची पानं घेऊन गोळा झालं. सासूबाई तर मसाला वाटूनच बसल्या होत्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"केवढा हाय वं, माय!"

"हलून राहिला ना! जिता आणला का?"

खात्री करून घ्यायला कोणीतरी काठीनं टोचलं.

"अयाई गं!" मी ओरडलो.

गर्दी एकदम मागे सरली. कोणाच्या तरी हातातला गंज खणकन पडला. आणि मागून सुशीलाचा आवाज आला, "अवं माय, हे तं आमचे हे होय!"

पिशवीतून मी डोकं बाहेर काढलं. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. सगळ्यांच्या तोंडावर नुसता धक्का. सासूबाई पाट्याकडे बघत म्हणाल्या, "आता या मसाल्याचं काय करू?" सुशीलानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

नागपूरला लंगडत परतलो आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पायाकडे पाहिलंही नाही. पिशवी उजेडात धरून शिवण न् शिवण तपासली.

"एक धागा सरकला नाही!" ते म्हणाले. "घरी विणली म्हणून सांगितलं ना त्याले?"

"बाबा, माझा पाय..."

"ही पिशवी त्यालेच देऊन दे. वापरू दे. समजू दे माग काय असते ते."

त्याला आता बरीच वर्षं झाली. पिशवी अजून सासुरवाडीच्या कोठ्यात आहे, धान्य वाहायला. मागच्या खेपेला मी ओसरीवर जेवायला बसलो होतो. समोर देवमन तिच्यात तूर भरत होता.

"किती झाली गा?" सासूबाईंनी भाकर थापता थापता विचारलं.

"पाऊण जावई!" देवमन म्हणाला. ना तो हसला, ना सासूबाई. त्या घरात हेच माप चालतं.

मग सासूबाईंनी माझ्यापुढे आणखी एक भाकर धरली. मी ती मुकाट्यानं परत केली. उगाच माप बिघडायला नको.