मदने सर आणि स्पेनची जनावरं

मदने सर स्पॅनिश म्हण नुसती शिकवत नसत, तिची उलटतपासणी घेत. पुंडलिकनगरातल्या एका खोलीत आम्ही आठ-नऊ जण सतरंजीवर बसायचो. सर फळ्यावर म्हण लिहायचे आणि म्हणायचे, "आता हे जनावर खरंच असं वागतं का, ते बघू." वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवता दाखवता ते ही भाषा शिकले होते, पण मूळचे खुलताबादकडचे मेंढपाळ. आठवड्यातून दोनदा गावाहून शिकवायला येत. जनावरांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत, स्पेनचं तर नाहीच.

एकदा त्यांनी लिहिलं, "एस्तार कोमो ऊना काब्रा." शेळीसारखं असणं, म्हणजे डोकं फिरलेलं असणं. इंग्रज अशा माणसाला मार्चमधला ससा म्हणतो, एवढं सांगून सर भडकलेच. "शेळी येडी? अरे, लई हुशार जनावर हाय ते! येडा तिचा मालक!" कधीच न होणाऱ्या गोष्टीला स्पॅनिश माणूस म्हणतो, बेडकांना केस फुटतील तेव्हा, इंग्रज म्हणतो, डुकरं उडतील तेव्हा. या दोन्ही सरांनी पास केल्या. "दोघंबी खोटं बोलत्यात, पण सांगून बोलत्यात." आज चिकलठाण्याच्या कारखान्यात मी स्पेनच्या गिऱ्हाइकांशी फोनवर थट्टामस्करी करते, ती याच तासांच्या जोरावर.

एका संध्याकाळी सर हाताला फडकं बांधून आले. विचारलं तर म्हणाले, "मेंढरांमागचं पिल्लू हाय घरचं. त्यानं दात लावला."

"सर, इंजेक्शन घ्या," मी म्हणाले.

"अगं पोरी, आमच्यात लेकराला आधी कुत्रं चावतं, मंग दात येत्यात. हळद लावलीय."

सगळे खो खो हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दोन महिन्यांनी सरांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. मी गेले तेव्हा पाण्याचा पेला नुसता समोर आणला तरी त्यांचा गळा आवळत होता. डॉक्टर म्हणाले, रेबीज; आता काही करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सर गेले. मी सुन्न झाले. रेबीज? सरांना? ज्या शहरात सरकारी दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळतं, तिथं? मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो.

दहाव्यानंतर मी गावी जाऊन काकूंना, सरांच्या पत्नीला, भेटले. त्या म्हणाल्या, "ते पिल्लू चावल्यावर आठव्या दिशी मेलं, बाई. लई लाळ गळत व्हती. ह्यांनीच बांधाला पुरलं. मी म्हणलं, आता तरी दवाखान्यात जावा. तर म्हणले, आता कशाला? चावणारंच राहिलं नाय. आन हात धुवून तसेच तुमच्या शिकवणीला गेले. गुरुवार व्हता."

घरी येऊन मी वही उघडली. फडकं बांधून आले होते त्याच्या पुढच्या गुरुवारची म्हण सापडली: "मुएर्तो एल पेर्रो, से आकाबो ला राबिया." कुत्रं मेलं, पिसाळणं संपलं. शेजारी तिची इंग्रजी जोड: मेलेलं कुत्रं चावत नाही. आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात, सरांचं वाक्य: "ही मातर खरी हाय. लिहून घ्या."

मी तर त्याखाली दोन रेघाही मारल्या आहेत.