अंगठ्याने पाहिलेली नाडी

दादाचा हात मी मोडला, हे आमच्याकडे आता जेवताना हसत सांगतात. त्या दिवशी कोणी हसत नव्हतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी साकोलीला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे मला सगळंच येत होतं. आमच्या गावी, एकोडीला, बोडीचं म्हणजे तळ्याचं पाणी घ्यायची पाळी आमची होती आणि शेजाऱ्याने मधला मातीचा धुरा फोडून ते आपल्या धानाच्या बांधीत घेतलं. चिखलात काठ्या चालल्या. शेजाऱ्याने बाबांच्या कानशिलावर हाणली. दादाने त्याचा गळा धरून त्याला पाण्यात दाबलं. मग मीही डोळे गच्च मिटून काठी फिरवली. ती दादाच्या कोपराखाली बसली. वाळका बांबू मोडावा तसा आवाज आला. गोंधळात कोणाला दिसलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सगळ्यांनी शेजाऱ्याचंच नाव धरलं.

हाडवैद्याने बांबूच्या खपच्या लावून हात सुतळीने करकचून आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं फुगली होती, थंडगार पडली होती. बाबा अंगणात दगडावर कुऱ्हाड घासत बसले.

"पोराचा हात गेला तर त्याचा हात मी घेऊन येतो," एवढंच ते म्हणाले.

हातात जीव आहे की नाही हे मी सांगायचं ठरलं. विज्ञान शिकलेला घरात मीच. मी दादाच्या मनगटावर अंगठा दाबला. नाडी धडधडत होती. मग अंधाऱ्या माजघरात त्याच्या बोटाखाली टॉर्च धरला. बोट लालभडक पेटलं. नाडी आहे, रक्तही आहे, असं मी जाहीर केलं. कुऱ्हाडीची खरखर थांबली.

वहिनी चौथी शिकलेली. तिने दादाचं नख दाबून सोडलं. ते पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. मग माझं दाबलं. ते लगेच गुलाबी झालं.

"भाऊजी, तुमच्यात रक्त फिरून रायलं," ती म्हणाली. "यायच्यात नुसतं साचून रायलं."

बाबा कुऱ्हाड घेऊन उठले. मी धावत जाऊन अंगणाच्या दारात आडवा आलो.

"बाबा, काठी माही होती."

त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि दांडा माझ्या पाठीत घातला. दुसऱ्या तडाख्याला मी उंबरठ्यावर तोंडघशी पडलो, नाक फुटलं. तोवर आत वहिनीने विळ्याने सुतळी कापली होती. हातात रक्त परतलं तसा दादा असा ओरडला की गोठ्यातल्या बैलाने दावं तोडलं.

साकोलीच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी नाडी पाहिली आणि मला विचारलं, तू कोणत्या बोटाने पाहिलीस? अंगठ्याला स्वतःची नाडी असते म्हणे. मी माझीच भीती मोजून आलो होतो.

शेजाऱ्याचा हात शाबूत राहिला. पाणीही त्यानेच नेलं.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. मूठ उघडझाप करायला सांगितली होती. दादा ती माझ्याकडे बघत करायचा. एके सकाळी त्याने मला जवळ बोलावलं आणि त्याच हाताने कानाखाली वाजवली.

"आला का जोर?" वहिनीने चुलीपासूनच विचारलं.

"अजून थोडा कमी हाये," दादा म्हणाला, आणि हात पुन्हा उचलला.