ओठांवरची तीट

माझ्या ओठांवर लहानपणापासून काळे-तपकिरी ठिपके होते, तिळाएवढे, खालच्या ओठावर जास्त. बाबांच्या ओठांवरही तसेच. देवानंच तीट लावून पाठवलं म्हणून आईनं मला कधी काजळाची तीट लावली नाही. बाबा पोटदुखीनं गेले तेव्हा मी शाळेत होते. ओठांचा आणि पोटाचा काही संबंध असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

माझं लग्नाचं वय झालं आणि त्याच तिटीचा डाग झाला. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे यायचे त्या दिवशी आई माझ्या ओठांवर पावडर थापायची, वरून गडद लिपस्टिक फासायची. मला भयंकर राग यायचा. मी काय भिंत होते?

अशाच एका दिवशी पाहुणे यायच्या आधी पोटात जीवघेणी कळ आली आणि मी त्याच रंगवलेल्या तोंडानं दवाखान्यात पोचले. पोटदुखी मला नेहमीचीच. आजवर प्रत्येकानं जंतांचं औषध देऊन घरी धाडलेलं. इथला तरुण डॉक्टरही गॅस म्हणून चिठ्ठी लिहायला लागला. माझं डोकं फिरलं. मी पदरानं ओठ खसाखसा पुसले.

"हे पाहा," मी म्हणाले. "माह्या बाबांचे ओठ असेच होते. तेही असेच पोट धरून गेले."

त्यानं चिठ्ठी बाजूला ठेवली, बॅटरी आणून गाल आतून पाहिले. तिथेही ठिपके. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, हा वडिलांकडून आलेला आतड्यातल्या गाठींचा आजार, आणि ठिपके ही त्याची बाहेरची खूण. एका गाठीनं आतडं आतड्यात ओढलं गेलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं म्हणून मी आहे. आई पायाशी बसून रडत होती. ती खूण तिनंच तर झाकली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे आले. मी ओठांना काहीही न लावता पोहे घेऊन गेले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ओठाले ठिपके आहेत, पोटावर टाके आहेत. लेकरांलेही हे येऊ शकते. चालत असन तं पोहे घ्या."

त्यांनी घेतले नाहीत. ते गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीनं आत गेले. आईनं त्यातलीच एक बशी उचलली, वर चण्याची तर्री ओतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"खाय वं," ती म्हणाली. "आता तुले पावडर नाही लावत."