रजियाभाभींनी परत केलेली वाटी

सकाळी कढईत शेंगदाणे भाजत होते. दाणे तडतडले, सालं करपल्याचा वास सुटला आणि मला जालन्याच्या दवाखान्यातलं ते बाकडं आठवलं.

देऊळगाव राजात रजियाभाभी आमच्या शेजारी राहायच्या. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून एकदा त्यांनी आमच्या वाटीत दाण्याचा लाडू पाठवला. माझ्या दीड वर्षाच्या गुडीनं तो नुसता चाखला, तर तिचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. पोर वाचली. त्यानंतर चार वर्षं आमच्या घरात शेंगदाणा आला नाही आणि भाभींकडून आमची वाटी घासूनपुसून रिकामीच यायची. त्यात त्यांचा दोष नव्हता, हे मीही कधी बोलून दाखवलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आता थोडं थोडं देऊन बघू. पण घरी नाही, माझ्यासमोर."

जालन्याला जायच्या दिवशी भाभी आमच्याआधीच एसटीत येऊन बसल्या होत्या. "मले बी येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

केळ्यात कालवलेला कूट नर्सनं आधी कणभर दिला, मग चिमूटभर, शेवटी चमचाभर. प्रत्येक घासानंतर थांबायचं. बाकड्यावर भाभींशेजारी बसून मी गुडीच्या ओठांवरून नजर हटवत नव्हते. दुपार कलली तरी काहीच झालं नाही. तेव्हा गुडीनं उरलेला चमचा भाभींपुढे धरला.

"मावशी, तू बी खाय ना. काही नाही होत."

भाभींनी खाल्लं आणि ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं, आनंदानं रडताहेत. चार वर्षं त्या 'काही नाही होत' हेच वाक्य माझ्या तोंडून ऐकायला थांबल्या होत्या, हे मला आज कढईपुढे कळतंय.