रिकामी ठेवलेली ओळ

मी पाट्या रंगवते. माझे वडील बारामतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर आणि नावं टाकायचे. माहेरी, कन्हेरी गावातल्या घरी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून माझा हात वळला. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या पुढच्या या गावात आले, तेव्हा सून शिडीवर चढेल असं सासरी कुणाच्या मनातही नव्हतं. पण नवऱ्याला काम मिळायचं ते भवानीनगरच्या साखर कारखान्यात, तेही गळीत हंगामापुरतं, आणि गावात दुसरा रंगारी नव्हता. शाळेच्या भिंती, दवाखान्याच्या वेळा, पाण्याच्या टाकीवरचं योजनेचं नाव, सगळं माझ्या हातचं.

ग्रामपंचायतीच्या दारापाशी एक काळा फलक आहे. दर एप्रिलात तो नव्यानं रंगवायचा. वर्षभरात गावाकडं पैसा कुठून आला आणि कशावर गेला, ते लोकांना दिसेल असं लिहायचं. डावीकडं जमा : घरपट्टी, पाणीपट्टी, वित्त आयोगाचा निधी. उजवीकडं खर्च : दिवाबत्ती, गटारं, नळदुरुस्ती, पगार. हाच हिशेब पुढं इंदापूरला पंचायत समितीत जातो आणि तिथून पुण्याला जिल्हा परिषदेत. हे मला कुणी शिकवलं नाही. इतर माणसं फलकावर नजर टाकून पुढं जातात. मला एकेक अक्षर भरावं लागतं, त्यामुळं वाचल्याशिवाय सुटका नसते.

त्या वर्षी ग्रामसेवकांनी कागद माझ्या हातात दिला. गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात.

"वैनी, यंदा अक्षर जरा बारीक ठेवा."

"बारीक ठेवलं तर म्हाताऱ्या माणसांना कसं दिसंल?"

"फलक लावा, एवढंच नियमात हाय. अक्षर केवढं, ते न्हाय सांगितलेलं."

मी वाद घातला नाही. अक्षर मात्र दरवर्षीएवढंच काढलं.

खर्चाची बाजू निम्मी झाली आणि पुढची ओळ आली : 'महिला व बालकल्याण – महिलांसाठी शिलाई प्रशिक्षण'. पुढं रक्कम. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा बायका-मुलांसाठी खर्च करावाच लागतो. कागदावर तो बरोबर केला होता. फक्त प्रशिक्षण झालं नव्हतं. आमच्या गावात शिलाईचा वर्ग भरला असता, तर सगळ्यात आधी मीच जाऊन बसले असते.

मी शिडीवरून उतरून आत गेले.

"भाऊसाहेब, हे शिलाईचं कधी झालं?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमी रंगवायचं, वैनी. तपासायला ऑडिटवाले हायेत."

"मग ही ओळ ऑडिटवाल्याकडनंच रंगवून घ्या."

बाहेर येऊन मी पुन्हा शिडीवर चढले. ती ओळ आणि तिची रक्कम सोडून बाकी सगळं पूर्ण केलं. खाली एकूण बेरीज कागदात होती तशीच टाकली. मधे एक काळी पट्टी रिकामी राहिली. ब्रश धुतले, शिडी उचलली आणि घरी आले. परत जाऊन ती ओळ भरावी असं एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी थोरली जाऊ फलकासमोर उभी होती. बचत गटाचं वहीखातं तीच लिहिते. मोबाईलवर आकडे दाबून झाल्यावर तिनं मला हाक मारली.

"अगं, ह्यात बेरीज जुळत न्हाय. कायतरी गाळलंस तू."

"गाळलं न्हाय. सोडलंय." मी तिला काय ते सांगितलं.

तिनं एकूण बेरजेतून बाकीचे आकडे वजा करून ती रक्कम काढली. मग म्हणाली, "एवढ्या पैशात मशिनी आल्या असत्या की गं!" संध्याकाळपर्यंत हे गटातल्या सगळ्या बायकांच्या कानावर गेलं.

सरपंच आमच्याच भावकीतले. नात्यानं मी त्यांना तात्या म्हणते. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आपल्याच घरातली सून तू. ती ओळ भरून टाक. न्हायतर पुढच्या सालापासनं आमी छापील फ्लेक्स लावू, तुझं काम जाईल."

"लावा, तात्या. पर माझ्या हातनं खोटं लिहून घेऊ नका."

ते गेल्यावर नवरा माझ्यावर चिडला. "गावात राह्यचंय आपल्याला," एवढं म्हणाला आणि चार दिवस धड बोलला नाही. ते चार दिवस मला फार जड गेले. तात्यांचा राग मी सोसला असता. घरातलं गप्प राहणं सोसवत नव्हतं. तरीही मी ब्रश उचलला नाही.

एक मेला ग्रामसभा झाली. एरवी बायका सहीपुरत्या येतात आणि मागच्या मागं घरी जातात. त्या दिवशी त्या पुढच्या सतरंजीवर बसल्या. जाऊ उठली आणि शिलाई प्रशिक्षणाची हजेरी दाखवा म्हणाली. भाऊसाहेब म्हणाले, दप्तर तपासणीला गेलंय. जाऊ म्हणाली, "मग कपाटात ते दिसतंय ते काय हाय?" लोक हसले. नाइलाजानं फाईल निघाली.

हजेरीत वीस-पंचवीस नावं होती. सातवं नाव माझं. नावापुढं अंगठा.

माझा अंगठा! गावातल्या भिंतींवर माझी अक्षरं आहेत आणि मला यांनी अंगठेबहाद्दर करून टाकलं होतं. तोवर पैशाचा राग होता. आता जो राग आला तो वेगळाच. मी उभी राहिले.

"भाऊसाहेब, हा अंगठा माझा न्हाय. मी सही करते. हे इतिवृत्तात लिहा."

"बसा वैनी, नंतर बघू."

"तुमी लिहीपर्यंत मी बसत न्हाय."

माझ्यामागं जाऊ उभी राहिली. मग तिच्या शेजारची. ज्यांची ज्यांची नावं यादीत होती त्या सगळ्या एकेक करून उठल्या. तात्यांनी घड्याळ बघितलं, दाराकडं बघितलं. कुणीच हललं नाही. शेवटी भाऊसाहेबांनी पेन काढलं. त्यांनी लिहिलेलं मी मोठ्यानं वाचायला लावलं आणि मगच खाली बसले.

त्या इतिवृत्ताची नक्कल घेऊन आम्ही पाचजणी एसटीनं इंदापूरला गेलो आणि गटविकास अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला. चौकशीला विस्तार अधिकारी आले. त्यांनी एकेकीला विचारलं, माझी सही तीनदा करून घेतली. पुढं काही महिन्यांनी ती रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात परत भरली गेली. कुणी भरली, ते आम्हाला सांगितलं नाही. भाऊसाहेबांची बदली झाली. तात्या सरपंच राहिले. मला रस्त्यात दिसले की मान फिरवतात. शिलाईचा वर्ग पुढच्या वर्षी शाळेच्या खोलीत खरोखर भरला. मीही गेले, मशिनवर माझा हात काही बसला नाही.

फ्लेक्स मात्र लागला. फलकाचं काम गेलं ते गेलंच.

म्हणून मी आता थेट वही बघायला जाते. परवा ग्रामपंचायतीत नमुना पाच मागितला. रोजचा पैसा आला-गेला जिच्यात लिहितात ती रोकडवही, तिलाच नमुना पाच म्हणतात. नव्यानं आलेल्या कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी सदस्य हाय का?"

"न्हाय."

"मग कुणाकडनं आलाय?"

"कुणाकडनं न्हाय. हितं राहते, घरपट्टी भरते. अर्ज हा घ्या, पोच द्या आणि वही काढा."

त्यानं आत कुणाला तरी फोन लावला, हळू आवाजात बोलला आणि ठेवला. मग कपाट उघडलं. मी खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.