फोन आपण आधी ठेवायचा नाही

आमच्या हेल्पलाइनचा एकच नियम मला मनापासून पटतो. फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्या माणसाचं बोलून झालं, त्यानं ठेवला, की मग आपण. बाकीचे नियम पुण्यातल्या कुठल्याही संस्थेचे असतात तसेच आहेत, भिंतीवर लावण्यापुरते.

कोथरूडमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची खोली आहे. दोन टेबलं, दोन मोबाइल आणि एक कुरकुरणारा पंखा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातल्या काही दुपारी मी तिथं बसते. आम्ही स्वतः काहीच करत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींना डबा हवा असतो, कुणाला घरी येणारी नर्स हवी असते, कुणाला अपंगत्वाचा दाखला कुठं मिळतो ते ठाऊक नसतं. आम्ही ऐकून घेतो आणि योग्य माणसाशी जोडून देतो. फोन उचलताना नंबर बघायचा नाही, कारण बघितला की आपलं मन आधीच काहीतरी ठरवून बसतं. नाव विचारायचं नाही. म्हाताऱ्या पुरुषांना सरसकट काका म्हणायचं. आणि पहिला प्रश्न ठरलेला: आत्ता जिथं आहात तिथं सुरक्षित आहात ना?

घरी दरम्यान यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, विसरभोळेपणा बराच वाढला होता. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आमच्या मुलीचं लग्न झालंय ही गोष्ट. यांनी सगळी नोकरी कारखान्यात केली, कंपनीच्या बसनं जाऊन येऊन. एका सकाळी हे कर्वेनगरच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका आयटी कंपनीच्या बसमध्ये चढले आणि थेट हिंजवडीला पोचले. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेल्या त्या पोराटोरांमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून हे खिडकीशी बसले होते, आणि कुणालाही काही वावगं वाटलं नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं फोन केला तेव्हा मला कळलं. मुलीला ही गोष्ट मी हसत हसत सांगितली. पण मधल्या काही तासांत माझं काय झालं होतं ते तिला सांगितलं नाही.

त्यानंतर मी यांना घरात एकटं सोडणं बंद केलं. माझ्या दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी येऊन बसायच्या. त्यांना मधे कधी घरी जावं लागलं तर बाहेरून किल्ली फिरवायची, असं आमचं ठरलं होतं. गॅसचा कॉक बंद, औषधं कुलपात. राहिली फक्त बाल्कनी. तिला जाळी बसवायला सोसायटीची परवानगी नव्हती, कारण जाळीनं म्हणे इमारतीची शोभा जाते. आमचा मजला तिसरा. कमिटीतल्या एकाला मी म्हटलं, माणूस खाली पडला तर शोभा वाढेल का? ते म्हणाले, अर्ज द्या.

मोबाइल हे फ्रिजमध्ये ठेवायला लागले, तेव्हा मी जुना वायरचा फोन पुन्हा सुरू करून घेतला. त्याच्या वरच्या भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर मोठ्या आकड्यांत चिकटवला. सगळ्या घरांना आम्ही हेच सांगतो, मग आपल्या घरी नको? तो नंबर फिरवला तर फोन माझ्यासमोरच वाजेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

त्या दुपारी फोन वाजला, मी उचलला आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"नाही," पलीकडून दबका आवाज आला. "मी सुरक्षित नाही. मला इथं कोंडून ठेवलंय."

पहिल्या शब्दालाच मी आवाज ओळखला. एवढी वर्षं शेजारी झोपलेला आवाज तो. मी "अहो" म्हणणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, "बाई, हळू बोला. इथं एक बाई असते. रोज संध्याकाळी येते. घर आपलंच असल्यासारखी वावरते, माझ्यावर ओरडते. ती यायच्या आत मला निघायचंय."

ती बाई म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला नाही. संध्याकाळी हे माझ्याकडे परक्यासारखे बघतात, ते ठाऊक होतं. घाबरतात, हे ठाऊक नव्हतं.

"कसे निघणार आहात?" मी विचारलं. त्यांच्याशी अशा मऊ आवाजात मी शेवटचं कधी बोलले होते, कोण जाणे. हेल्पलाइनचा आवाज वेगळा असतो, तो घरी न्यायचा राहून जातो.

"दाराला कुलूप आहे. पण बाल्कनीत खुर्ची लावून ठेवलीये. बाजूनं पाइप जातो, तो धरून उतरता येईल. कारखान्यात मी याहून उंच चढलोय."

पण एक गोष्ट मला दिसत होती. आमच्या फोनची वायर जेमतेम फ्रिजपर्यंत पोचते. रिसीव्हर यांच्या हातात आहे तोवर हे बाल्कनीत नाहीत. बोलणं थांबलं की बाल्कनी. मग मी बोलत राहिले.

"काका," मी म्हटलं. नवऱ्याला काका म्हणायची वेळ कुणावर येऊ नये. "काका, फोन हातातून सोडू नका. मी तुमच्याकडे यायला निघते."

शेजारच्या टेबलावर माझी जोडीदारीण बसते, शाळेतून निवृत्त झालेली, जिभेला धार. मी पाकिटाच्या मागं लिहिलं: हे माझे यजमान आहेत, वहिनींना फोन लाव, आणि खाली त्यांचा नंबर. तिनं वाचलं आणि दुसरा मोबाइल उचलला. वहिनींचा नंबर तिनं पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलत नव्हतं. बिचाऱ्या कुकर लावायला म्हणून घरी गेल्या होत्या आणि सोफ्यावर त्यांचा डोळा लागला होता, हे नंतर कळलं. मी हेल्पलाइनचा मोबाइल कानाला तसाच ठेवून पर्स उचलली. ती धावत बाहेर गेली, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि वर म्हणाली, "मीटर नंतर बघा, आधी गाडी हाका."

रिक्षात मी काय काय विचारलं ते आता नीट आठवत नाही. जेवलात का, काय जेवलात, कारखान्यात कुठल्या खात्यात होतात. हे सांगत होते. लेथ मशीनबद्दल तर इतकं सविस्तर, की वर्षानुवर्षं ऐकून मला कंटाळा आला होता ती सगळी माहिती मी जीव मुठीत धरून ऐकली. मधेच हे गप्प झाले, आणि मला रिक्षाचा आवाजही ऐकू येईनासा झाला.

"काका? आहात ना?"

"आहे. पाणी प्यायलो."

"घरी अजून कोण असतं?" मी विचारलं. हा प्रश्न आमच्या नेहमीच्या प्रश्नांतलाच, सवयीनं तोंडातून गेला.

"बायको आहे. बँकेत आहे ती. उशीर होतो तिला." मग जरा थांबून म्हणाले, "तिला कळवू नका हं. उगाच घाबरेल."

रिक्षा सिग्नलला उभी होती. शेजारच्या स्कूटरवरची मुलगी माझ्याकडे बघत होती, तेव्हा मी रडतेय हे मला कळलं. आवाजात ते येऊ दिलं नाही. आवाज एवढाच माझ्या हातात होता.

आमची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. आणि चालू असती तरी आत रेंज जाते, म्हणून मी चढूनच गेले असते. पहिल्या मजल्यावर धाप लागली. हे म्हणाले, "बाई, तुम्हाला दम लागलाय का? बसा जरा." मी बसले नाही.

दाराशी पोचले आणि किल्ली काढली. कुलपात घातल्याचा बारीक आवाज झाला असेल. फोनमधून आणि दारापलीकडून, दोन्हीकडून एकाच वेळी ऐकू आलं:

"ती आली."

आता दार उघडलं तर हे फोन टाकून बाल्कनीकडे पळणार. न उघडावं तरी तेच. दारापासून बाल्कनीपर्यंत मी यांच्याआधी पोचू शकत नाही, हे मला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं. त्या दारासमोर मला वाटली तेवढी भीती ना आधी कधी वाटली होती, ना नंतर वाटली.

मग मी पायऱ्यांकडे तोंड केलं आणि तोंडावर पदर धरून मोबाइलमध्ये म्हटलं, "काका, येऊ द्या तिला. मी बोलते तिच्याशी. तुम्ही पळू नका. तुम्ही फक्त एवढंच करा, फोन तिच्या हातात द्या."

"तिच्या हातात?"

"हो. मी इथंच आहे. फोन ठेवणार नाही."

मग हे म्हणाले, "ठेवू नका हं."

मी मोबाइल तसाच चालू पर्समध्ये टाकला आणि किल्ली फिरवली.

हे फ्रिजला पाठ टेकून उभे होते. पलीकडे बाल्कनीचं दार उघडं, कठड्याला लावलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची. मी चपला काढल्या, हळूहळू चालत गेले. यांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला. सांगितलं होतं तसा तो माझ्या हातात दिला.

मी रिसीव्हर कानाला लावला. माझ्याच पर्समधल्या मोबाइलमधून आमच्या घराचा आवाज त्यात ऐकू येत होता. मी "हो" म्हटलं. थोडं थांबून पुन्हा "हो" म्हटलं. "बरं, तसंच करते," म्हटलं. हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, डॉक्टरांकडे बघावं तसे.

"काय म्हणाल्या त्या?" यांनी विचारलं.

"तुमच्यावर ओरडायचं नाही, म्हणाल्या."

हे थोडे सैल झाले. रिसीव्हर माझ्याकडून परत घेतला, त्यात "आभारी आहे, बाई" असं म्हणून अगदी अलगद जागेवर ठेवला. पर्समधल्या मोबाइलवरचा कॉल तुटला. मी बाल्कनीत जाऊन खुर्ची आत आणली, दाराला कडी घातली. त्याच खुर्चीवर मी बसले.

हे माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले. जवळ यायची त्यांची तयारी नव्हती, पण पळायचीही राहिली नव्हती. मग त्यांनी भिंतीवरच्या नंबरकडे बोट दाखवलं.

"फार चांगल्या आहेत त्या," म्हणाले. "तुम्ही ऐकाल ना त्यांचं?"