कडू हात

रोह्याच्या एका कंपनीत माझी सारी नोकरी स्पिरिट डिनेचर करण्यात गेली. ‘म्हणजे स्पिरिट बिघडवता होय?’ असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. अरे बाबांनो, बिघडवत नाय! सुतार त्यातच लाख विरघळवून पॉलिश करतो, शाळेच्या प्रयोगशाळेतला दिवा त्यावरच जळतो. फक्त कोणी ते पिऊ नये म्हणून त्यात कडूजहर पावडर घालायची, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द उकडलेल्या अंड्याला लावला होता. उष्णतेने अंड्यातल्या प्रथिनाचं रूप बदलतं, म्हणून. मी तिला म्हटलं, आमचं स्पिरिट बरं, दिसायला होतं तसंच राहतं.

ती पावडर हातांना मात्र सोडायची नाय. लेक लहान असताना एकदा मी तिला भाकरीचा तुकडा मोडून दिला, तर पोरीने थुंकून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून मी कोणाच्या ताटाला हात लावला नाय, स्वतःही चमच्याने जेवलो. माझ्या जिभेला तर सवयच झालेली, मला काय कळणार? सुट्टीच्या दिवशी बायको माझ्या बोटाला जीभ लावून बघायची आणि डोळे मिटून म्हणायची, “अहो, अजून हाय.”

मी निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत बायको गेली. गावी, रामवाडीच्या घरात मी एकटाच. बोलायला माणूस नाय, म्हणून भांडी जरा आपटूनच घासतो. चमचा तेवढा सुटला नाय.

यंदा रोह्याहून लेकीचा फोन आला. “बाबा, बाळीचं उष्टावण हाय. तिला मामा नाय, पहिला घास तुम्हीच भरवायचा. आणि बोटाने हां!”

लिंबू झालं, बेसन झालं, चिंच झाली, हात घासघासून लाल केले. पण गेलं की नाय, हे विचारायचं कोणाला? शेजारणीला सांगू, ताई, माझं बोट चाटून बघा? जोडे खायची कामं! शेवटी गल्लीतल्या कुत्र्याला हाताने भाकरी घातली. त्याने मिटक्या मारत खाल्ली, पण त्या मेल्याने परवा माझी चप्पलही खाल्ली होती.

गाडीने नागोठणं सोडलं तेव्हा वाटलं, उतरून परत जावं. बाळीने सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं तर?

खिरीची वाटी समोर आली. माझा हात उचलेना. लेकीने माझं बोट धरलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

“काय नाय बाबा. भरवा.”

नातीने खीर चाटली आणि माझं बोटच धरून ठेवलं. मला रडू आवरेना.

लेक म्हणाली, चार दिवस राहा. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो. भात टाकला, वरण केलं आणि किती वर्षांनी हाताने कालवलं. मऊ घास केला, बायको बसायची त्या बाजूला उचलला आणि तोंडातून निघून गेलं, “आ कर गो.”

घरात कुकर तेवढा गार होत होता. तो घास मग मीच खाल्ला.